सीट कोमटच का राहते?

जानेवारीत पाषाणच्या बाजूला पारा 10 अंशांच्या खाली उतरतो. अशा पहाटे गाडीत बसलं की सीटचा गारठा थेट कंबरेत शिरतो. मेव्हण्यांनी घेतलेल्या जुन्या गाडीत पुढच्या दोन्ही सीटना हीटर आहे, आणि आईच्या दुखऱ्या कंबरेला त्या उबेचा मोठा आधार होता. यंदा मात्र डावीकडची सीट नुसती कोमट होऊ लागली. एका गॅरेजमध्ये सांगितलं, "पॅड गेलंय, अख्खी सीट उसवावी लागेल."

पॅड गेलेलं नव्हतं. ते कसं कळलं, यात शाळेत शिकलेलं विज्ञान फार सुंदर दिसतं.

सीटच्या कव्हरखाली हीटरचं पॅड असतं, त्यात नागमोडी बसवलेली बारीक तार असते. तिच्यातून वीजप्रवाह गेला की ती तापते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे जूलने 1841 मध्ये दाखवून दिलं. आमच्या गाडीत बैठकीची आणि पाठीची तार एकापुढे एक जोडलेली, मिळून रोध 2 ओहम. इंजिन चालू असताना 14 व्होल्ट मिळतात, म्हणजे 7 अँपिअर प्रवाह आणि 98 वॅट उष्णता. जुन्या 100 वॅटच्या पिवळ्या बल्बएवढी शक्ती पाठीशी घेऊन आपण बसतो!

अशी तार कुठेही तुटली की सीट पूर्ण गार पडते. सीटवर गुडघा टेकवून मागचं सामान काढायची सवय अनेकांना असते, आणि तार बहुधा तिथेच तुटते. मागच्या काचेवरचं धुकं घालवणाऱ्या डीफॉगरचं तसं नसतं. त्याच्या रेषा समांतर जोडलेल्या असल्यामुळे एक तुटली तर तेवढाच पट्टा धूसर राहतो. पावसाळ्यात काच धुरकटली की कोणती रेषा मेली ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

आमची सीट कोमट होत होती, म्हणजे तार शाबूत होती. नाना पेठेतल्या एका इलेक्ट्रिशियन काकांनी आधी बॅटरी सोडवली, थोडा वेळ थांबले आणि मग सीटखाली हात घातला. तिथे पिवळा कपलर (तारा जोडणारा प्लग) दिसला तर तो एअरबॅगचा असतो. त्याला मल्टिमीटर लावायचा नाही, कारण ओहम मोजताना मीटर स्वतःचा थोडा करंट सोडतो आणि तेवढ्यानेही एअरबॅग उघडू शकते. हे त्यांनी मला दोनदा बजावलं. हीटरचा कपलर वेगळा काढून त्यांनी पॅडचा रोध मोजला. 2.3 ओहम आला. मग मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या, 0.3 आले, म्हणजे तेवढा रोध मीटरच्या तारांचाच. ते वजा केले की पॅडचे बरोबर 2 ओहम. पॅड ठणठणीत.

मग बॅटरी जोडून, इंजिन सुरू करून, सुट्या कपलरवर व्होल्टेज मोजलं. पूर्ण 14! मला वाटलं, वायरिंगही चांगलंय. काका म्हणाले, "करंट वाहत असताना मोजा, मग बोला."

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. क्षारांनी चोंदलेला नळाचा पाइप आठवा. नळ बंद असेल तर पाण्याचा दाब पूर्ण असतो. नळ उघडला की धार करंगळीएवढी. चोंदलेपण दाखवायला पाणी वाहावं लागतं. मीटरचा स्वतःचा रोध प्रचंड असल्यामुळे त्यातून जवळजवळ काहीच प्रवाह जात नाही, आणि वाटेतला खराब जोड त्याला जाणवतच नाही.

कपलर परत जोडला, हीटर चालू केला. एक पिन कपलरच्या मागच्या बाजूने हीटरच्या अर्थच्या तारेला (प्रवाह गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणाऱ्या तारेला), दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावली. तिथे शून्याच्या जवळ आकडा यायला हवा. आला 2.8 व्होल्ट.

सीटच्या वाट्याला उरले 11.2 व्होल्ट, म्हणजे 5.6 अँपिअर आणि जेमतेम 63 वॅट. प्रवाह फक्त 20 टक्के घटला होता, पण वर्गाच्या नियमामुळे ऊब 36 टक्क्यांनी गेली. शिवाय अर्थच्या वाटेत कुठेतरी अर्धा ओहम रोध बसला होता आणि तो जवळपास 16 वॅटने तापत होता. हे मला सर्वांत गंभीर वाटतं. नखाएवढ्या जागेत इतकी उष्णता सतत राहिली तर तारेचं प्लॅस्टिक वितळू शकतं. तसंच, फ्यूज वारंवार उडत असेल तर जास्त अँपिअरचा फ्यूज घालून वेळ मारून नेऊ नये.

नव्या गाड्यांत आणखी एक शक्यता असते. सीटमधला थर्मिस्टर, म्हणजे तापमानानुसार रोध बदलणारा छोटा सेन्सर, तुटला की कंट्रोल युनिट हीटर बंदच ठेवतं. चांगला थर्मिस्टर ओळखणं सोपं आहे. त्यावर तळहात ठेवला की मीटरवरचे ओहम हळूहळू उतरत जातात.

आमचा गुन्हेगार गालिच्याखाली सापडला. पावसाळ्यात तिथे पाणी मुरून अर्थचा बोल्ट गंजला होता. काकांनी तो उघडला, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट घट्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. पुन्हा मोजलं तेव्हा 2.8 च्या जागी 0.05 व्होल्ट आले. डावी सीट आता उजवीइतक्याच वेळात तापते.