लिस्बनचा फादो आणि कोइंब्राचा फादो: फरक भिंतींवर लिहिलाय

लिस्बनच्या आल्फामा भागात, रुआ द साँ तोमे या चढणीच्या रस्त्यावर, फुटपाथचे काळे-पांढरे दगड एका कोपऱ्यात अचानक भिंतीवर चढतात. समुद्राची लाट बांधावर उसळावी तसे ते वर जातात आणि वर गेल्यावर त्यांतून एका बाईचा चेहरा उमटतो. जवळून पाहिलं तर नुसते हाताच्या मुठीत मावतील एवढे दगडाचे चौकोनी तुकडे दिसतात. दहा पावलं मागे सरकलं की डोळे, ओठ, मान दिसायला लागते. हा चेहरा आमालिया रॉद्रिगिश हिचा, फादो या पोर्तुगीज गानप्रकारातल्या सर्वांत मोठ्या गायिकेचा. व्हिल्स या नावाने काम करणारा चित्रकार आलेशांद्रे फार्तो याने २०१५ साली तो घडवला. एरवी हा माणूस भिंतीचा गिलावा छिन्नीने आणि ड्रिलने खरवडून चेहरे काढतो. इथे मात्र त्याने लिस्बन महापालिकेचे फरसबंदी करणारे कारागीर बरोबर घेतले आणि शहराच्या पायाखालचाच दगड वापरला. पाऊस पडला की पाणी या चेहऱ्यावरून ओघळतं आणि दगड रडताना दिसतात. ही कल्पना त्याने मुद्दाम योजलेली आहे.

आता तिथून रेल्वेने उत्तरेला दोनशे किलोमीटर जाऊ. कोइंब्रा हे विद्यापीठाचं गाव. तिथल्या जुन्या वेशीपाशी, आल्मेदिनाच्या कमानीजवळ, आल्व्हेश आंद्रे या शिल्पकाराचं काशाचं एक शिल्प उभं आहे. हेही फादोचंच. पण यात चेहरा नाही. गितारा, म्हणजे फादोच्या साथीचं तंतुवाद्य, आहे, तिचं अंग बाईच्या अंगासारखं वळणदार आहे आणि तिच्यावर विद्यार्थ्यांची झूल, म्हणजे तो लांब काळा झगा, पांघरलेला आहे.

एका शहराने गाणारीचा चेहरा भिंतीवर चढवला, दुसऱ्याने वाद्याला झगा घातला. लिस्बनचा फादो आणि कोइंब्राचा फादो यांत काय फरक, असं मला कुणी विचारलं की मी आधी या दोन कामांचे फोटो दाखवते. बाकीचं सगळं त्यातूनच उलगडत जातं.

घोटाळा होतो हे साहजिक आहे. नाव एकच, भाषा एकच, लांबून पाहिलं तर वाद्यंही तीच. पोर्तुगाल फिरायला गेलेली आपली मंडळी लिस्बनमध्ये एका संध्याकाळी फादो ऐकतात, पोर्तूच्या वाटेवर कोइंब्राला उतरून पुन्हा ऐकतात आणि सांगतात, "तेच गाणं, फक्त इथे पुरुष गातात." त्यात भर एका लोकप्रिय गाण्याची. 'कोइंब्रा' याच नावाचं हे गाणं १९४७ च्या, कोइंब्राच्या विद्यार्थिजीवनावरच्या एका चित्रपटातलं. आमालियाने ते जगभर नेलं. गाण्यात कोइंब्रा, चित्रपटात कोइंब्रा, पण आमालिया हाडाची लिस्बनची आणि तिचं गाणंही लिस्बनचं. त्यामुळे ज्यांनी फादोची फक्त एकच चाल ऐकली आहे, त्यांच्या मनात ही दोन घराणी पहिल्या दिवसापासून एकमेकांत मिसळलेली असतात.

घराणी हा शब्द मी विचारपूर्वक वापरला, पण तो पुरेसा नाही. ग्वाल्हेर आणि किराणा घराण्यांत राग तरी तेच असतात. इथे गाण्याचा जन्म, गाणारा, ऐकणारा, जागा, सगळंच वेगळं आहे.

लिस्बनचा फादो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंदराजवळच्या गरीब वस्त्यांत वाढला. खलाशी, हमाल, गुत्ते, वेश्यावस्ती असं त्याचं आजोळ. मोरारिया ही त्यांतली मुख्य वस्ती. तिथल्या रुआ दु कापेलाँव या गल्लीत मारिया सेव्हेरा राहायची. १८२० चा तिचा जन्म. देहविक्रय करणारी, गुत्त्यांत गाणारी, एका उमरावाशी नाव जोडलं गेलेली ही बाई १८४६ साली अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेली, आणि फादोची पहिली दंतकथा झाली. आजही गायिका खांद्यावर काळी शाल घेतात ती तिच्या आठवणीने, असं मानतात. या गल्लीच्या तोंडाशी संगमरवरी गितारा उभी केली आहे, मोरारिया हे फादोचं जन्मस्थान असं सांगणारी. आत शिरलं की भिंतींवर माणसं भेटायला लागतात. कॅमिला वॉट्सन या छायाचित्रकार बाईने या भागाशी नातं असलेल्या फादो गायकांचे फोटो थेट भिंतींच्या पृष्ठभागावर उतरवले आहेत. फ्रेम नाही, काच नाही. कुणाच्या तरी दाराशेजारी, वाळत घातलेल्या चादरीखाली, एक गायक उभा असतो. ऊन-पावसाने कडा फिकट होत जातात. मला हे फार योग्य वाटतं, कारण हे गाणं दिवाणखान्यात टांगण्याचं नाहीच.

तिथून जवळच साँ क्रिश्तोव्हाँवच्या पायऱ्यांवर एक मोठं रंगीत भित्तिचित्र आहे, 'फादो व्हादियू' या विषयावरचं. व्हादियू म्हणजे भटका, मोकाट. ज्या फादोत व्यावसायिक गायक नसतो, शेजारचा खाटीक किंवा शिवणकाम करणारी मावशी जेवणं उरकल्यावर उठून गाते, तो फादो व्हादियू. हे चित्रही अनेक हातांनी मिळून काढलेलं आहे, आणि विषय पाहता ते तसंच हवं होतं.

लिस्बनच्या गाण्याची खरी मजा चालीत आहे. पारंपरिक फादोंच्या दोनेकशे ठरलेल्या चाली आहेत. त्यांतल्या मेनोर, कोरिदू आणि मोरारिया या तीन सर्वांत जुन्या समजल्या जातात. चाल कुणाच्याच मालकीची नाही. गाणारी आपल्या पसंतीची कविता, छंद जुळला की, त्या चालीत बसवते. जात्यावरची ओवी आठवा: चाल आईकडून आलेली, शब्द त्या दिवशीच्या दुःखाचे. आणि मग ती चाल प्रत्येकीने आपल्या गळ्यातून वळवायची असते. एखादा शब्द ताणायचा, एखादा मागे ठेवायचा, ओळीच्या शेवटी थांबून श्वास धरायचा. गितारावाला मागे बसून तिच्याकडे कान लावून असतो आणि तिने सोडलेली जागा भरतो. म्हणून इथे गाणारीचा चेहरा एवढा महत्त्वाचा. तीच चाल दुसरीने म्हटली की ते दुसरं गाणं होतं. आमालिया १९९९ साली गेली तेव्हा देशाने तीन दिवसांचा दुखवटा पाळला. २००१ साली तिला राष्ट्रीय पँथिऑनमध्ये, म्हणजे देशातल्या थोरांच्या समाधिस्थळात, हलवलं, तिथे जागा मिळालेली ती पहिली स्त्री. गुत्त्यातून आलेल्या गाण्याचा हा प्रवास त्या दगडी चेहऱ्यासमोर उभं राहिल्यावर कळतो.

ऐकायला बसलात तर एक शिस्त पाळावी लागते. दिवे मंद होतात, वाढपी हातातली थाळी घेऊन जागच्या जागी थांबतो आणि गाणं संपेपर्यंत कुणी बोलत नाही. संपल्यावर मात्र टाळ्या, आरोळ्या, सगळं मोकळं.

कोइंब्रात परंपरेने टाळ्या वाजवत नाहीत. जुनी रीत अशी की गाणं आवडलं तर घसा खाकरायचा, खोकल्यासारखा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं, पण हे गाणं मुळात होतं कुठे ते पाहिलं की पटतं. ते रात्री, रस्त्यावर, एखाद्या खिडकीखाली गायलेलं गाणं आहे. विद्यापीठ १२९० साली लिस्बनमध्ये स्थापन झालं आणि १५३७ पासून कायमचं कोइंब्राला आलं. घरापासून लांब आलेल्या तरुण विद्यार्थ्यांनी काळे झगे घालून, आवडत्या मुलीच्या खिडकीखाली उभं राहून गायलेली ही गाणी आहेत. परंपरेने गाणारे फक्त पुरुष, तेही विद्यापीठाचे आजी-माजी विद्यार्थी. सगळ्यांचा पोशाख एकच, त्यामुळे कोण श्रीमंत, कोण गरीब, ते दिसत नाही. आवाज उंच, उघडा, दूरवर पोचणारा लावतात, कारण भिंती नसतात. चाल बहुधा त्या त्या गाण्याची स्वतःची आणि बरीच ठरलेली असते, लिस्बनसारखी गळ्याने वळवायची मुभा कमी. विषय म्हणजे प्रेम, विद्यार्थिदशेचा निरोप आणि खुद्द ते गाव.

म्हणून तिथल्या शिल्पात चेहऱ्याची गरज भासली नसावी. झगा हाच चेहरा आहे. आणि त्या वेशीतून वर चढू लागलं की केब्रा-कोश्तश नावाचा जिना लागतो. नावाचा अर्थच 'पाठमोड'. तिथे त्याच शिल्पकाराने घडवलेली 'त्रिकाना' बसली आहे. त्रिकाना म्हणजे कोइंब्राची कष्टकरी मुलगी, नदीवरून पाणी आणणारी, जिच्यासाठी या झगेवाल्यांनी रात्री जागवल्या. तिच्याजवळ पाण्याची घागर आहे. आपल्याकडच्या पाणवठ्यावरच्या गौळणी आठवल्याशिवाय राहत नाहीत. एका शिल्पात वाद्य आणि दुसऱ्यात ऐकणारी, अशी ही जोडी मला फार बोलकी वाटते. एक खंतही वाटते. जिला उद्देशून एवढी गाणी झाली, तिचा स्वतःचा आवाज परंपरेने या गाण्यात धरला नाही. वाद्याला बाईचं अंग देता येतं, मग गाणं द्यायला काय हरकत होती? लिस्बनने हा प्रश्न सेव्हेराच्या काळातच सोडवला होता.

मे महिन्यात विद्यार्थ्यांचा 'केइमा दश फिताश' हा उत्सव असतो. त्यात मध्यरात्री बाराव्या शतकातल्या जुन्या कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर सेरेनाता, म्हणजे उघड्यावरची रात्रीची मैफल, होते. समोरचा चौक आणि उतरत्या गल्ल्या काळ्या झग्यांनी गच्च भरतात, आणि एवढा मोठा जमाव गप्प उभा राहून ऐकतो. शेवटच्या वर्षाची मुलं रडतात.

याच परंपरेतून निघालेला जुझे आफोंसू पुढे हुकूमशाहीविरुद्ध गाऊ लागला. २५ एप्रिल १९७४ ला, मध्यरात्र उलटून वीस मिनिटांनी, त्याचं गाणं रेडिओवर लागलं. लष्करातल्या बंडखोरांसाठी तो निघण्याचा संकेत होता, आणि त्या दिवसाच्या अखेरीस राजवट कोसळली. कोइंब्रातले अनेक जण आपल्या गाण्याला फादो म्हणायलाच तयार नसतात, 'कान्साँव द कोइंब्रा', म्हणजे कोइंब्राचं गीत, म्हणतात. मला त्यांचं म्हणणं पटतं. युनेस्कोने २०११ साली फादोला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्याचा प्रस्ताव लिस्बनचा होता आणि वर्णन 'पोर्तुगालचं शहरी लोकगीत' असं होतं. पाठमोड जिन्यावरच्या गाण्याला ते अंगरख्यासारखं नीट बसत नाही.

आता वाद्याकडे या, कारण ओळखायची सर्वांत सोपी खूण तिथे आहे. पोर्तुगीज गितारा आपल्या नेहमीच्या गिटारसारखी नसते. पोट पेरूसारखं गोल, तारा बारा, दोन-दोनच्या सहा जोड्या. वर खुंट्यांऐवजी पंख्यासारखी उघडलेली धातूची पट्टी असते आणि तिच्यावरचे स्क्रू फिरवून तारा लावतात. अशा पट्टीवर पूर्वी घड्याळाची चावी चालायची. 'चावी' हा आपला रोजचा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आला आहे. लिस्बनच्या गितारेची तार साधारण ४४ सेंटीमीटरची, कोइंब्राची ४७ च्या आसपास. कोइंब्राची गितारा एक पूर्ण स्वर खाली लावतात. लिस्बनचा सा धरला तर कोइंब्राचा कोमल निषादावर येतो. म्हणून तिचा आवाज भरदार, जरा गडद, आणि लिस्बनची लखलखीत. ही कोइंब्राची घडण रूढ करण्यात आर्तूर पारेदिश या वादकाचा मोठा वाटा.

हे सगळं कानाला लगेच कळणार नाही, पण डोळ्यांना कळतं. व्हिडिओ पाहताना गितारेच्या डोक्याकडे बघा. लिस्बनच्या गितारेला टोकाशी व्हायोलिनसारखी गोगलगायीची गुंडाळी असते. कोइंब्राच्या गितारेला अश्रूच्या थेंबाचा आकार.

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी फादो पहिल्यांदा ऐकला तो गोव्यात, फोंड्याच्या सोनिया शिरसाट यांच्या गळ्यातून. बाई एकटी उभी राहून गाते, म्हणजे ही लिस्बनची वाट. पणजीत फादोबरोबर मांडोही ऐकायला मिळतो आणि दोन्ही एकच समजणारे भेटतात. पण मांडो कोंकणीत आहे, त्यावर नाचतात आणि साथीला घुमट हे मातीचं तालवाद्य असतं. फादोवर कुणी नाचत नाही.

दोन्ही शहरांच्या मधोमध उभा राहणारा एक माणूस होता, आर्तूर यांचा मुलगा कार्लुश पारेदिश. जन्म १९२५, कोइंब्राचा, पण लहानपणीच लिस्बनला आला आणि २००४ साली गेला तो तिथेच. पोट भरायला तो एका सरकारी रुग्णालयात एक्स-रे जपून ठेवण्याचं काम करायचा. १९५८ साली कम्युनिस्ट म्हणून त्याला पकडलं. तुरुंगात गितारा नव्हती. तो कोठडीत येरझारा घालत रिकाम्या हवेत बोटं चालवायचा, मनातल्या मनात चाली बांधायचा, आणि बरोबरच्या कैद्यांना वाटायचं की याला वेड लागलं. सुटून आल्यावर त्याने ज्या गितारेवर त्या चाली वाजवल्या, तिचा मुक्काम लिस्बनमध्येच होता. पण तार एक स्वर खाली लावलेली, आणि डोक्यावर थेंब.