रेसचा स्क्रू वेगळा, मिक्स्चरचा वेगळा

पावसाळाभर शेडमध्ये उभी असलेली जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार चवथीला बाहेर काढली, की फोंड्यात काय नि म्हापशात काय, तक्रार एकच: स्लोवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून इंजिन नुसते चालू ठेवले की, बंद पडते. उपायही ठरलेला, रेसचा स्क्रू दोन फेरे आत. हे बघून मला खरोखर त्रास होतो.

पेट्रोल नि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या कार्ब्युरेटरवर हे दोन स्क्रू असतात. रेसचा स्क्रू सगळ्यांना ठाऊक आहे. तो लिव्हरला टेकतो, थ्रॉटलची झडप, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की उघडते ती, किंचित उघडी धरतो. बस.

मिक्स्चरचा स्क्रू खाली बुडाशी, स्प्रिंग घातलेला, टोक सुईसारखे. स्लोवर इंजिनात मिश्रण किती जायचे ते हा ठरवतो. पद्मिनीच्या सोलेक्स कार्ब्युरेटरवर आत घेतला की मिश्रण लीन (पेट्रोल कमी), बाहेर काढला की रिच (पेट्रोल जास्त). जुन्या बुलेटवर फिल्टरच्या बाजूला हवेचा स्क्रू असतो, तिथे नेमके उलटे.

खरी फसगत पुढे आहे. झडपेच्या कडेशी आणखी बारीक भोके असतात, अ‍ॅक्सिलरेटर जरासा दाबल्यावर गाडीने गचका खाऊ नये म्हणून. रेसचा स्क्रू फार आत गेला की झडप ती भोके उघडी टाकते. पेट्रोल तिथून येऊ लागते, मिक्स्चरच्या स्क्रूला वळसा घालून. मग तो कितीही फिरवा, इंजिनाला पत्ता लागत नाही, आणि लोक म्हणतात कार्ब्युरेटर गेला! शिवाय चोर्ल्याच्या उतारावर पाय काढला तरी वाढीव रेसमुळे इंजिन गाडीला हवे तसे आवरत नाही, भार ब्रेकवर येतो.

आधी पॉइंट आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी नीट आणि वेळेवर पडते ना, ते बघून घ्या. इंजिन गरम, चोक ओढलेला नको. मिक्स्चरचा स्क्रू हलकेच टेकवून दीड फेरा बाहेर घ्या. हलकेच म्हणतो, कारण माझ्या गाडीचा काढला तेव्हा सुईला गोल खाच पडलेली होती. आधी कुणीतरी दाबून आवळला होता. नवाच घालावा लागला. आता रेसचा स्क्रू बाहेर घेऊन रेस उतरवा, इंजिन जिथे सर्वांत जलद आणि एकसारखे चालेल तिथे मिक्स्चर लावा, रेस पुन्हा उतरवा, मिक्स्चर पुन्हा बघा.

मिक्स्चरचा स्क्रू पूर्ण आत टेकवला तरी इंजिन अडखळत नसेल, तर रेस अजून जास्त आहे. रेस उतरवल्यावर तो बाहेर काढूनही इंजिन तग धरत नसेल, तर स्लोचे जेट, म्हणजे स्लोला पेट्रोल मोजून देणारी बारीक भोकाची नळी, बहुधा तुंबले आहे. जेट काढून हवेने फुंका. तार घालू नका, भोक मोठे होते.