चमचा दिसेल तर शप्पथ!

स्पूनबिल सँडपायपर म्हटलं की डोळ्यांसमोर ती चमच्यासारखी चोच येते, आणि गंमत अशी की किनाऱ्यावर नेमका तो चमचाच दिसत नाही. चोच आडवी चपटी असते ना, त्यामुळे पक्षी बाजूने दिसला तर साधी काळी काडीच वाटते, रुंदी कळते ती समोरून किंवा वरून. त्यात हा जेमतेम १५ सेंटीमीटरचा, चिमणीएवढा, हिवाळ्यात वर राखाडी खाली पांढरा, आणि आजूबाजूला तसेच दिसणारे शेकडो टिलवे, म्हणजे चिखलात चरणारे छोटे किनारपक्षी. कधी कधी तर एखाद्या टिलव्याच्याच चोचीला चिखल चिकटतो, आपला ठोका चुकतो, धडाधड चाळीस फोटो निघतात आणि मग साहेब शांतपणे चोच धुतात. माझं झालंय असं, दोनदा.

म्हणून चोच सोडा, खाणं बघा. टिलवे इथे एक टोच, तिथे एक टोच करत पळतात. हा मात्र ओल्या चिखलात चोच खुपसतो, ती डावी-उजवीकडे हलवत शिलाई मशीनसारखा पुढे सरकतो आणि बराच वेळ मान वर काढत नाही. चोचीने तर प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसलाही चकवलं होतं, १७५८ मध्ये त्याने याला चक्क मोठ्या चमचा पक्ष्यांच्या प्लॅटेलिया गटात टाकलं!

हे पक्षी वीण करतात रशियाच्या ईशान्य टोकाला, चुकोत्का-कामचाट्काकडे, आणि हिवाळ्याला सुमारे ८००० किलोमीटर उडून म्यानमार, बांगलादेश, थायलंडच्या किनाऱ्यांवर येतात. वाटेतल्या पिवळ्या समुद्राकाठच्या चिखलपट्ट्या भराव टाकून बुजवल्या, हिवाळी जागांवर पक्षी पकडायची जाळी लागली, आता जगात प्रौढ पक्षी हजारसुद्धा नाहीत.

फोटोचं गणित सगळं भरतीवर. ओहोटीला पक्षी पार लांब, आणि ऊन चढलं की चिखलावरची हवा अशी थरथरते की लेन्स कितीही भारी असू दे, फोटो भिजल्यासारखाच येतो. त्यापेक्षा सकाळची भरती बघून पाणी चढायच्या आधीच जाऊन पालथं पडायचं, पाणी त्यांना आपोआप आपल्याकडे ढकलतं. आपण चालत गेलो की अख्खा थवा उठतो, आणि एवढ्या प्रवासानंतर साठवलेली चरबी आपल्या हौसेपायी जळते, हे मला तरी पटत नाही.

आणि चोचीच्या नादात पायाकडे दुर्लक्ष नको. काहींच्या पायात कोड लिहिलेली छोटी झेंडी असते, झेंडीवाले किती आणि बिनझेंडीचे किती दिसले यावरूनच एकूण संख्येचा अंदाज काढतात, त्यामुळे कोड वाचता येणारा धुरकट फोटोही खूप कामाचा. पाय चिखलात असतील तर तो कोरड्यावर विसाव्याला येईपर्यंत थांबायचं. मग तो येतो, एका पायावर उभा राहतो, आणि झेंडीचा पाय नेमका पोटात घेतो.