गिटारचा दणका येतो कुठून?

१९८८ साली मेटालिका या हेवी मेटल बँडचा ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ हा अल्बम आला. त्यातल्या गिटार धारदार आहेत, पण कोरड्या. कारण जगजाहीर आहे: बँडमधल्या जेसन न्यूस्टेडची बास (खालच्या स्वरांची) गिटार मिक्समध्ये, म्हणजे सगळी वाद्यं एकत्र जुळवताना, इतकी दाबली गेली की जवळजवळ ऐकूच येत नाही. हेवी संगीतात गिटारचा म्हणून जो दणका छातीत बसतो, त्यातला खालचा बराचसा भाग बासचा असतो. म्हणून तर मिक्स करताना गिटारमधला साधारण ८०-१०० हर्ट्झच्या खालचा आवाज सरळ कापतात. अशी गिटार एकटी ऐकली तर किरटी वाटते. वाटू द्यावी, श्रोता ती एकटी ऐकणार नसतो.

गिटारची खरी करामत डिस्टॉर्शनमध्ये. ॲम्पला (गिटारचा आवाज वाढवणाऱ्या यंत्राला) झेपणार नाही इतका सिग्नल दिला की लहरींचे माथे छाटले जातात आणि मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे नवे स्वर उमटतात. दोन स्वर एकत्र छेडले तर त्यांच्या कंप्रतांच्या बेरजा-वजाबाक्याही. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर ८२.४ हर्ट्झ, त्याचा पंचम १२३.५. वजाबाकी ४१ च्या आसपास, म्हणजे तोच स्वर, एक सप्तक खाली! पॉवर कॉर्डला, म्हणजे मूळ स्वर आणि पंचम एवढ्याच जोडीला, डिस्टॉर्शन मानवतं ते यामुळे. गंधार घातला की गढूळपणा येतो, कारण गिटारच्या फ्रेटवरचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा मुळातच किंचित चढा असतो.

गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते, मात्र जपून. छाटणी फार झाली की हलका आणि जोरकस फटकारा सारखेच वाजतात, रिफचा (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीचा) ठोका बुजतो. त्यामुळे रेकॉर्डिंगला गेन जरा कमीच ठेवतात आणि जाडी मिळवतात ती तोच रिफ दोनदा वाजवून: एक टेक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. कॉपी-पेस्टने भागत नाही. दोन्ही कानांना हुबेहूब एकच आवाज मिळाला की मेंदूला मधोमध एकच गिटार ऐकू येते. माणसाने दोनदा वाजवलं की वेळेत काही मिलिसेकंदांचा, सुरात केसभराचा फरक पडतोच, आणि तेवढ्यावर आवाज रुंदावतो. थांबायच्या जागा मात्र दोन्हीकडे एकदमच याव्या लागतात. एका बाजूची तार हाताने उशिरा बंद केली गेली, तर रिफमधल्या विरामात तीच लोंबकळत राहते. मग टेक पुन्हा घेतलेला बरा.