चालू डेटाबेसवर बॅकअप रिस्टोर करणं

धंद्याच्या डेटाबेसमधला डेटा उडाला किंवा बिघडला तर तो बॅकअपमधून परत आणायचा, पण बिलं काढणारे, ऑर्डरी घेणारे लोक तेवढ्यात कामावरच राहिले पाहिजेत, कोणालाही लॉगआऊट करायचं नाही, असं हे काम. ऐकून वाटतं की बॅकअपची फाईल चालू डेटाबेसवर टाकली की झालं, तसं नसतं. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण डेटाबेस रिस्टोर करायचा तर सगळी कनेक्शनं तोडावी लागतात, पोस्टग्रेस या तशाच सॉफ्टवेअरमध्ये फिजिकल बॅकअप (डेटाच्या फाईलींचीच नक्कल) लावायला सर्व्हरच बंद करावा लागतो, आणि बॅकअपनंतर झालेलं काम पुसलं जातं ते वेगळंच. म्हणून जुना डेटा बाजूला, दुसऱ्या नावाने किंवा दुसऱ्या सर्व्हरवर उभा करतात आणि त्यातून हवं तेवढंच उचलून चालूमध्ये आणतात.

बाजूची कॉपी नेमकी किती वाजताची हवी ते ठरवता येतं. रात्रीच्या फुल बॅकअपवर दिवसभराचे लॉग, म्हणजे डेटात झालेल्या प्रत्येक बदलाची नोंद, एकामागून एक चढवायचे आणि हव्या त्या मिनिटाला थांबायचं. पोस्टग्रेसमध्ये २००५ च्या ८.० व्हर्जनपासून हे वॉल नावाच्या लॉग फाईलींवर चालतं, मायएसक्यूएलमध्ये बिनलॉग, ओरॅकलमध्ये आर्काइव्ह लॉग. मधला एक लॉग गायब असला तर साखळी तिथेच तुटते, पुढचे सगळे असून उपयोग शून्य. आणि एसक्यूएल सर्व्हर सिंपल रिकव्हरी या सेटिंगवर (त्यात जुना लॉग साठवून ठेवत नाहीत) ठेवलेला असेल तर लॉग बॅकअप घेताच येत नाही, हे बऱ्याच जणांना नेमकं त्याच दिवशी कळतं.

खरी डोकेदुखी पुढे आहे. समजा ११:४२ ला कोणीतरी बिलांच्या टेबलवर अपडेट मारला, कोणती बिलं बदलायची ते सांगणारा व्हेअर लावायला विसरला, आणि सगळी बिलं ‘बाकी’ झाली. ११:४१ ची कॉपी उभी होईपर्यंत दीड वाजला. मधल्या वेळात लोक थांबले नव्हतेच, नवी बिलं निघाली, काही जुन्या बिलांचे पैसे येऊन ती ‘जमा’ झाली, आता कॉपीमधलं स्टेटस सरसकट चढवलं तर ती परत ‘बाकी’ होणार. म्हणून कॉपीत ‘जमा’ आणि चालूमध्ये अजून ‘बाकी’, एवढ्याच रो (टेबलमधल्या नोंदी) दुरुस्त करायच्या, त्यातही चेक परत आला म्हणून खरोखरच बाकी झालेलं एखादं बिल असतंच, ते पावत्यांच्या टेबलशी ताडून हाताने बाजूला काढावं लागतं. आणि बाराला आपोआप चालणाऱ्या जॉबने सगळ्या ग्राहकांना ‘पैसे भरा’चे मेल पाठवून टाकले असतील तर ते कुठल्याच बॅकअपमधून परत येत नाहीत.

दुरुस्तीचा अपडेट एका दमात मारू नये. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एका स्टेटमेंटने एका टेबलवर साधारण ५००० लॉक (दुसऱ्याने तो डेटा बदलू नये म्हणून लावलेली कुलपं) घेतले की तो पूर्ण टेबलच लॉक करायला बघतो आणि मग सगळ्यांच्या स्क्रीन अडकतात, म्हणून हजार-दोन हजार रोंचे तुकडे. डिलीट झालेल्या रो परत घालताना जुने आयडी तेच ठेवायचे, आधी बिल मग बिलाच्या ओळी, नाहीतर फॉरेन की (बिलाशिवाय त्याची ओळ घालू न देणारा नियम) अडवते. ट्रिगरकडे, म्हणजे नोंद घातली-बदलली की डेटाबेसमध्ये आपोआप चालणाऱ्या कोडकडे, मात्र नीट बघा, ओळ परत घातली म्हणून स्टॉक दुसऱ्यांदा वजा व्हायला नको, पण ट्रिगर डिसेबल केला तर तो त्या वेळात काम करणाऱ्या सगळ्यांसाठीच बंद होतो. पोस्टग्रेसमध्ये तो फक्त आपल्या सेशनपुरता गप्प करता येतो, ही मोठीच सोय.

काही वेळा बॅकअपला हात लावायची गरजच नसते. ओरॅकलचं फ्लॅशबॅक अनडूमधून (बदलाआधीच्या डेटाची त्याने ठेवलेली नोंद) जुनी अवस्था दाखवतं, मायएसक्यूएल ५.६ आणि पोस्टग्रेस ९.४ पासून मुद्दाम तासभर मागे चालणारी रेप्लिका (मुख्य डेटाबेसमागोमाग अपडेट होणारी दुसरी कॉपी) ठेवता येते, चूक तिच्यापर्यंत पोचायच्या आत तिला थांबवायची.

बॅकअप आहे असं वाटणं आणि तो असणं यातला फरक प्रोग्रॅमरांचा कोड ठेवणाऱ्या गिटलॅब या साईटला ३१ जानेवारी २०१७ ला दिसला. मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी चुकून डिलीट झाली, आणि डम्पचं (डेटा फाईलमध्ये उतरवून घेण्याचं) टूल जुन्या व्हर्जनचं असल्यामुळे रोजचे बॅकअप होतच नव्हते. शेवटी सहा तास आधी घेतलेल्या स्नॅपशॉटवरून (त्या क्षणाच्या डिस्कची नक्कल) उभं केलं, पण साईट बंद ठेवून.

बाजूची कॉपी उभी केली की तिच्यावरचे जॉब आधी बंद करायचे. माझ्याकडे एकदा ते राहिलं आणि कॉपीनेच आदल्या दिवशीचे मेल परत पाठवले. काम झालं तरी ती लगेच उडवू नये, दोन-तीन दिवसांनी कोणीतरी ‘अजून एक बिल दिसत नाही’ म्हणत येतंच.