झेडएफएसच्या प्रवासातला परवान्याचा गुंता

झेडएफएस ही सन मायक्रोसिस्टिम्सने बनवलेली फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर डेटा साठवण्याची व्यवस्था. तिचा कोड २००५ च्या अखेरीस ओपनसोलारिसमधून, म्हणजे सनच्या सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या खुल्या रूपातून, खुला झाला. फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमने तो उचलला. एप्रिल २००७ मध्ये तो मुख्य शाखेत आला आणि पुढच्या वर्षी ७.० सोबत प्रायोगिक म्हणून बाहेर पडला. मॅकच्या १०.५ आवृत्तीत तो नुसता वाचण्यापुरता होता. २००९ मध्ये तिथलं काम गुंडाळलं गेलं.

घोडं अडलं ते लिनक्सपाशी. झेडएफएसचा कोड सीडीडीएल या सनच्या परवान्याखाली, तर लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, जीपीएल या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली. दोन्ही मुक्त परवाने, पण आपापल्या अटींवर अडून बसणारे. दोन्हींचा कोड जोडून वाटायचा तर सगळं जीपीएलच्या अटींवर वाटा, असं जीपीएल सांगतो. सीडीडीएल आपल्या फायली दुसऱ्या परवान्याखाली जाऊ देत नाही. सीडीडीएल मुद्दाम असा निवडला का? सनमध्ये काम केलेल्या एका व्यक्तीने २००६ मध्ये जाहीरपणे 'हो' म्हटलं, जुन्या सहकाऱ्यांनी ते खोडून काढलं. सीडीडीएल मोझिला परवान्याच्या १.१ आवृत्तीवरून बेतलेला आहे आणि जीपीएलशी न जमणं तिथूनच आलं. त्यामुळे कटापेक्षा बेफिकिरीच मला जास्त संभवते.

बंधन वाटण्यावर आहे, वापरण्यावर नाही. म्हणून आपल्याच यंत्रावर झेडएफएसचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा कोडचा तुकडा) कंपाइल करून चालवणाऱ्याला कोणी अडवत नाही. आधी फ्यूजमधून, म्हणजे फाइल सिस्टिम कर्नलबाहेर चालवण्याच्या सोयीतून, वळसा घेतला गेला. मग एका अमेरिकी प्रयोगशाळेने आपल्या महासंगणकांच्या साठवणीसाठी थेट कर्नलमध्ये चालणारा पोर्ट, म्हणजे लिनक्ससाठी जुळवून घेतलेला कोड, लिहिला. २०१३ च्या ०.६.१ पासून तो रोजच्या वापराला योग्य मानला गेला. २०१६ मध्ये उबुंटू १६.०४ सोबत तयार मॉड्यूलच वाटलं गेलं, तेव्हा मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूच्याच दोन कायदेविषयक संस्थांनी वेगवेगळी मतं दिली.

दरम्यान २०१० मध्ये सन विकली गेली आणि नव्या मालकाने विकास पुन्हा बंद दाराआड नेला. आधीच खुला झालेला कोड मात्र इतरांनी वेगळ्या शाखेत पुढे नेला. पूलची, म्हणजे डिस्कवरच्या साठवणीच्या रचनेची, २८ वी आवृत्ती ही दोन्ही घराण्यांची शेवटची सामाईक खूण. खुल्या शाखेने पुढे क्रमांक वाढवणं सोडून फीचर फ्लॅग, म्हणजे प्रत्येक नव्या सोयीची वेगळी खूण, आणले. तिच्यात तेव्हापासून अनेकांचा कोड मिसळला आहे, त्यामुळे आज नव्या मालकाने परवाना बदलायचं ठरवलं तरी तो निर्णय फक्त त्याच्या वाट्याच्या कोडपुरता राहील.

कर्नलवाल्यांनीही हात सैल सोडला नाही. लिनक्स ५.० मध्ये प्रोसेसरची फ्लोटिंग पॉइंट रजिस्टरं जपणारी सोय जीपीएल नसलेल्या मॉड्यूलांना बंद झाली. चेकसमची (डेटा बिघडला नाही ना हे ताडणाऱ्या आकड्याची) वेगवान गणितं तिच्यावरच चालत, म्हणून झेडएफएसवाल्यांना पर्यायी कोड लिहावा लागला. तरीही विकासाचं केंद्र लिनक्सकडेच सरकलं: डिसेंबर २०१८ मध्ये फ्रीबीएसडीने आपला पोर्ट त्याच कोडवर बेतायचं जाहीर केलं, नोव्हेंबर २०२० च्या ओपनझेडएफएस (खुल्या शाखेचं नाव) २.० मध्ये दोन्ही एकत्र आले आणि २०२१ च्या फ्रीबीएसडी १३.० मध्ये तोच कोड गेला.