क्रिकेट की रग्बी लीग? आधी रग्बी कोणती ते ठरवा

क्रिकेट भारी की रग्बी लीग, हा वाद सिडनी, ब्रिस्बेन, लीड्स अशा शहरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. हल्ली आपली माणसंही त्यात ओढली जातात. सिडनीच्या पश्चिमेला पॅरामॅटा आणि हॅरिस पार्कच्या बाजूला भारतीय वस्ती दाट आहे, आणि पॅरामॅटा म्हणजे ‘ईल्स’ या रग्बी लीग क्लबचं घर. ऑफिसात सोमवारी सकाळी शनिवार-रविवारच्या सामन्यांचा विषय निघतो, आणि सचिन-विराटवर वाढलेला माणूस ठरलेली तक्रार करतो: ‘तुमच्या खेळात नुसती रेटारेटी. माणसांचा ढीग पडतो, चेंडू दिसत नाही, मध्येच शिट्टी वाजते आणि ती का वाजली ते कोणालाच कळत नाही.’

लीगवाला यावर नुसता हसतो. कारण ही सगळी तक्रार दुसऱ्याच रग्बीची आहे.

रग्बी नावाचे दोन वेगळे खेळ आहेत, लीग आणि युनियन, आणि आपल्याकडे त्यांचा घोळ होणं साहजिकच आहे. भारतात जिला रग्बी म्हणतात ती म्हणजे रग्बी युनियन. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर खेळली जाते ती युनियन. कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद पडला तेव्हा शिल्लक राहिलेले चांदीचे रुपये वितळवून जो करंडक घडवला आणि ज्यासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून झुंजतात, तो कलकत्ता कपही युनियनचाच. आणि जून २०२५ मध्ये अंधेरीत जी ‘रग्बी प्रीमियर लीग’ झाली, तिच्या नावात लीग असली तरी ती रग्बी लीग नव्हे. ती सात-सात खेळाडूंची स्पर्धा, आणि सातांची रग्बी हे युनियनचं छोटं भावंड. म्हणजे आयपीएलच्या धर्तीवर नाव ठेवलं आणि गोंधळ पक्का झाला.

फरक एका क्षणात पकडता येतो: चेंडू घेऊन पळणारा खेळाडू खाली पडला की पुढे काय होतं ते बघायचं. इथपर्यंत दोन्ही खेळ सारखेच आहेत. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, मागे किंवा आडवाच द्यायचा. पुढे जायचं तर पळून नाहीतर लाथ मारून. आणि प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ‘ट्राय’. टॅकल म्हणजे कबड्डीतली पकडच, फक्त समोरचा पूर्ण वेगात येत असतो.

युनियनमध्ये खाली पडलेल्या खेळाडूला चेंडू सोडावा लागतो, आणि त्याच क्षणी दोन्ही संघ त्यावर तुटून पडतात. जो पायावर उभा राहून आधी पोहोचला, त्याचा चेंडू. याला ‘रक’ म्हणतात, आणि तो ढीग म्हणजे हाच. इथे कोण बाजूने घुसला, कोणी चेंडू धरून ठेवला, कोण आडवा पडून राहिला यावर पंच शिट्टी वाजवतो. मुरलेल्या प्रेक्षकांनाही ती दर वेळी कळते असं नाही. बाहेर गेलेला चेंडू परत आणताना दोन रांगा लावून, एकमेकांना उचलून झेल घ्यायचा तो ‘लाइनआउट’, आणि आठ-आठ जणांनी डोकी अडकवून रेटायचं ते ‘स्क्रम’. या दोन्हीतही चेंडूची मालकी पणाला लागलेली असते.

लीगने हे सगळं काढून टाकलं. पकड झाली की पकडणाऱ्यांनी सोडून बाजूला व्हायचं. पडलेला उठतो, पायाने चेंडू मागे सरकवतो आणि खेळ पुढे चालू. बचाव करणारा संघ, चेंडूसमोरचे दोघे सोडले तर, १० मीटर मागे. लाइनआउट नाही. स्क्रम नावापुरतं आहे, त्यात खरी रेटारेटी जवळजवळ होत नाही. खेळाडू १५ ऐवजी १३, त्यामुळे मैदान मोकळं. मात्र एक अट: अशा सहाच पकडी. सहाव्या पकडीत सापडलात की चेंडू दुसऱ्या संघाचा.

सहा! क्रिकेटवाल्याने कान टवकारायची जागा ही आहे. षटकातल्या सहा चेंडूंसारखंच इथेही प्रेक्षक मनात मोजत असतो. पहिल्या दोन-तीन पकडींत आघाडीचे दांडगे खेळाडू सरळ धडक मारून मीटर कमावतात, चौथ्या-पाचव्याला काहीतरी डाव टाकला जातो, आणि पाचवी पकड झाली की बहुतेक वेळा लाथ. आपल्या ४० मीटरच्या आतून मारलेला चेंडू टप्पा खाऊन त्यांच्या शेवटच्या २० मीटरमध्ये बाहेर गेला, तर चेंडू पुन्हा तुम्हालाच मिळतो. ही ‘फॉर्टी-ट्वेंटी’ जमली की मैदान जे उसळतं, त्याला क्रिकेटमध्ये तोड शोधायची तर शेवटच्या षटकातला षटकारच. कर्णधाराला पंचाच्या निर्णयाला आव्हान देण्याची सोयही एनआरएल या ऑस्ट्रेलियातल्या मुख्य लीग स्पर्धेत २०२० पासून आहे. डीआरएस कळणाऱ्याला ती समजावून सांगावी लागत नाही.

सहाची ही मर्यादा पहिल्यापासून नव्हती. पकडी अमर्याद होत्या आणि ताकदवान संघ चेंडू कवटाळून बसू शकत असे. सिडनीच्या सेंट जॉर्ज क्लबने १९५६ ते १९६६ अशी सलग ११ विजेतेपदं मिळवली ती या अमर्याद पकडींच्या काळातच. मग इंग्लंडमध्ये १९६६ च्या अखेरीस आणि ऑस्ट्रेलियात १९६७ मध्ये चार पकडींची मर्यादा आली, आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ती सहावर स्थिरावली. याच काळात क्रिकेट काय करत होतं पाहा. १९६३ मध्ये इंग्लंडमध्ये जिलेट कप, जानेवारी १९७१ मध्ये मेलबर्नला पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना. ‘संधी मोजून द्या, नाहीतर लोक कंटाळतात’ हे दोन्ही खेळांना एकाच दशकात उमगलं. फरक एवढाच की क्रिकेटने जुना प्रकार शेजारी जिवंत ठेवला, लीगने मागे वळून पाहिलं नाही.

म्हणून माझं मत असं की वनडे-ट्वेंटी२० आवडणाऱ्याला लीग पटकन आवडेल, आणि कसोटीचा भक्त युनियनमध्ये रमेल. युनियनमध्ये ढगाळ हवेतल्या पहिल्या सत्रासारखा दबाव हळूहळू साचतो, एका बाजूची स्क्रम मोडत जाते, आणि वरवर काहीच घडत नाही असं वाटताना सामना हातातून गेलेला असतो. गुणांची रचनाही त्याला धरून आहे. युनियनमध्ये ट्रायचे ५ आणि पेनल्टीच्या लाथेचे ३, त्यामुळे नुसत्या लाथांवर सामने जिंकता येतात. लीगमध्ये ट्रायचे ४, पेनल्टीचे फक्त २. तिथे पळावंच लागतं.

पण हे दोन खेळ वेगळे झाले ते नियमांवरून नव्हेच. पैशावरून झाले, आणि इथे क्रिकेटशी तुलना सगळ्यात रंगते.

१८९०च्या आसपास उत्तर इंग्लंडमध्ये, यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या पट्ट्यात, रग्बी खेळणारे खाणकामगार आणि गिरणीकामगार होते. शनिवारी अर्धा दिवस काम असायचं. सामन्यासाठी ते बुडवलं की मजुरी गेली. ती तरी भरून द्या, अशी मागणी यॉर्कशायरने १८९३ मध्ये लंडनच्या सभेत मांडली. दक्षिणेकडच्या पब्लिक स्कूलवाल्या सभ्य गृहस्थांनी ती फेटाळली. खेळ हौसेसाठी असतो, पैसे घेतले की तो बाटतो, असं त्यांचं म्हणणं. ज्याचा खिसा भरलेला आहे त्याला हे म्हणायला काय जातं? २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे वीसेक क्लब जमले आणि वेगळे झाले; त्यातूनच पुढे रग्बी लीग झाली. लाइनआउट १८९७ मध्ये गेला आणि १९०६ मध्ये १५ चे १३ झाले. हे बदल नंतरचे: प्रेक्षक तिकीट काढून येणार, तर खेळ बघण्यासारखा हवा.

अगदी हाच प्रश्न क्रिकेटपुढेही होता. क्रिकेटने तो न फुटता, पण फार चमत्कारिक रीतीने सोडवला. हौशी ते ‘जंटलमेन’ आणि पगारी ते ‘प्लेयर्स’, एकाच संघात, पण कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या. धावफलकाच्या कागदावर हौशी खेळाडूची आद्याक्षरं आडनावाआधी, पगारी खेळाडूची नंतर. लॉर्ड्सवर एकदा ध्वनिक्षेपकावरून चक्क दुरुस्ती जाहीर झाली होती की छापील कागदावर एफ. जे. टिटमस असं आलं आहे, ते टिटमस, एफ. जे. असं वाचावं. हा भेद १९६२ च्या शेवटी संपला. इंग्लंडचं कर्णधारपद तर हौशी गृहस्थांची मिरास. विसाव्या शतकात ती मोडणारा पहिला पगारी कर्णधार लेन हटन, आणि त्याचा कर्णधार म्हणून पहिला सामना होता आपल्याच विरुद्ध: जून १९५२, हेडिंग्ले, लीड्स. विजय हजारेंच्या संघाची दुसऱ्या डावात शून्यावर चार बाद अशी अवस्था झाली ती याच कसोटीत. पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री, विजय मांजरेकर, सगळे एकही धाव फलकावर लागण्याआधी परतले. मांजरेकरांनी पहिल्या डावात १३३ काढले होते हे मात्र लोक विसरतात.

त्याच हेडिंग्लेला क्रिकेटच्या मैदानाला पाठ लावून रग्बी लीगचं मैदान आहे. मधला स्टँड सामाईक: एका बाजूला तोंड केलं की यॉर्कशायर, दुसरीकडे केलं की लीड्स ऱ्हायनोज. दोन्ही खेळांचा प्रेक्षक बराचसा एकच, आणि ‘क्रिकेट विरुद्ध लीग’ हा वाद तिथे घरातल्या घरात, उन्हाळा-हिवाळा वाटून घेतलेल्या दोन आवडींचा होता. (इंग्लंडमधली लीग १९९६ पासून उन्हाळ्यात खेळली जाते, त्यामुळे आता ती वाटणी तशी राहिलेली नाही.)

ऑस्ट्रेलियात तर नातं आणखी जवळचं. १९०७ मध्ये सिडनीत रग्बी लीग उभी करायची खलबतं कुठे झाली? व्हिक्टर ट्रम्परच्या खेळसाहित्याच्या दुकानात. हाच तो ट्रम्पर, ज्याने १९०२ मध्ये मँचेस्टरच्या कसोटीत पहिल्याच दिवशी उपाहाराआधी शतक ठोकलं होतं. अ‍ॅलेक्स बर्डन नावाच्या रग्बी खेळाडूला खेळताना दुखापत झाली आणि युनियनने भरपाई नाकारली, ही त्या वेळची ठिणगी. नव्या लीगचा पहिला खजिनदार ट्रम्परच. सिडनीत कोणी या दोन खेळांत भांडण लावू लागला, तर हे नाव पुढे करावं.

युनियनचा राग मात्र शतकभर टिकला. लीग खेळलेल्या माणसाला युनियनचे दरवाजे कायमचे बंद होत. फ्रान्समध्ये तर १९४१ मध्ये जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारने लीगवर बंदीच घातली आणि तिची मालमत्ता जप्त केली. शेवटी ऑगस्ट १९९५ मध्ये, फुटीला शंभर वर्षं पुरी होण्याच्या त्याच आठवड्यात, युनियननेही पैसे देणं मान्य केलं.

आता खरा वाद. क्रिकेटवाल्याचे दोन मुद्दे लीगला खरोखर लागू पडतात. एक, तोचतोचपणा: पाच धडका आणि एक लाथ, सुमार सामन्यात हे ऐंशी मिनिटं तसंच चालतं. चेंडूसाठी झगडा काढून टाकल्याची ही किंमत आहे, आणि लेग-स्पिन, रिव्हर्स स्विंग, पाचव्या दिवसाची खेळपट्टी असल्या बारकाव्यांपुढे ती जाणवते. दोन, पसारा लहान. उत्तर इंग्लंड, न्यू साउथ वेल्स, क्वीन्सलँड, न्यूझीलंड, दक्षिण फ्रान्स. पापुआ न्यू गिनीत तो राष्ट्रीय खेळ मानतात, आणि तिथला संघ २०२८ पासून एनआरएलमध्ये यायचा आहे. ‘जग कुठे खेळतं?’ हा टोमणा मात्र क्रिकेटवाल्याने जरा जपून मारावा. कसोटी खेळणारे देश बाराच आहेत.

उलट बाजूने लीगवाला म्हणतो की क्रिकेटमध्ये चेंडू मेलेला असण्याचा वेळच जास्त, आणि पाच दिवसांनी सामना अनिर्णित राहिलेला कसा चालतो? पहिलं मान्य. दुसरं ज्याला उलगडून सांगावं लागतं त्याच्याशी मी तरी वाद घालत नाही. डोक्याला बसणाऱ्या माराचा प्रश्न दोन्ही रग्बींपुढे क्रिकेटपेक्षा कितीतरी गंभीर आहे. सिडनीतले पालक मुलांना ‘टच’ खेळू देतात ते म्हणूनच: लीगमधूनच निघालेला प्रकार, पकडीऐवजी नुसता स्पर्श, तेही सहाच.

बघायचंच असेल तर साध्या क्लब सामन्यापासून सुरुवात करू नका. क्वीन्सलँड विरुद्ध न्यू साउथ वेल्स, ‘स्टेट ऑफ ओरिजिन’, १९८० पासूनची चाल, वर्षाला तीन सामने, मे ते जुलैच्या दरम्यान. भारतात तेव्हा दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. पहिली दहा मिनिटं पासेस, डाव, खेळाडूंची नावं सगळं सोडून द्या आणि फक्त पकडी मोजा. पाचवी झाली की ज्याच्या हातात चेंडू जाईल तो सात नंबरवाला बहुधा सामन्याचा मेंदू असतो. तिथून पुढे त्याच्यावरच नजर ठेवा.